गाणं की गिरणी?

भाच्याच्या खोलीतला धडधडाट ऐकून मी ओरडलोच, "अरे, हे गाणं की गिरणी?" तो हसला नाही. म्हणाला, "मामा, कारखान्यातूनच आलंय ते!"

१९६५ साली बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, १७ वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा; म्हणजे गिटारच्या तारा दाबायची तीच बोटं! पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल केल्या. 'ब्लॅक सॅबथ'चा तो जड, काळोखा सूर असा घडला. त्याच शहरातल्या 'गॉडफ्लेश'ने १९८८ मध्ये तर ड्रम वाजवायला माणूस न घेता यंत्रच घेतलं.

मला आवडलं का? छे, अजून नाही. पण परवा त्याचं दार लावायला गेलो, आणि ठेका मोजत तिथेच उभा राहिलो.