निदान आणि शेरा

हार्ड डिस्क बदलल्यानंतर लॅपटॉप सुरू झाला नाही, की 'मदरबोर्ड गेला' हे ठरलेले उत्तर दुकानात मिळते. मागील महिन्यात दिल्लीत मलाही तेच मिळाले. जुनी डिस्क कुरकुरू लागली होती, म्हणून तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवून घेतली होती. त्या वेळी कारागिराने आतील छोटी बॅटरीही काढून पुन्हा बसवली. नंतर पडद्यावर एकच संदेश येई : सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. 'नवा लॅपटॉप घ्या, जुनी डिस्क इथेच ठेवून जा,' असा सल्ला मिळाला. त्या डिस्कवर माझ्या दिवंगत आईच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या होत्या. मी यंत्र आणि दोन्ही डिस्क घेऊन घरी आलो.

अर्थशास्त्र सांगते की माहिती मिळवण्यालाही खर्च पडतो. म्हणून जी तपासणी स्वस्त आहे आणि अधिक शक्यता बाद करते, ती आधी करावी. पंखा फिरत होता, कंपनीचे चिन्ह उमटत होते. अर्थात मदरबोर्ड निकामी नव्हता. बायोसच्या सेटअपमध्ये नव्या डिस्कचे नाव आणि क्षमता दिसत होती. म्हणजे जोडणीही ठीक होती. उरला प्रश्न परस्पर ओळखीचा.

डिस्कच्या विभागणीची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर ही १९८३ पासूनची. नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरला तिची मर्यादा सुमारे २ टेराबाइट. जीपीटी ही नंतरची. विंडोज जुन्या 'लेगसी' पद्धतीने एमबीआर डिस्कवरून सुरू होते, तर यूईएफआय पद्धतीत तिला जीपीटी लागते. माझी डिस्क एमबीआर होती आणि बॅटरी निघाल्यामुळे सेटअप मूळ यूईएफआयवर परतला होता. तो लेगसीवर नेताच विंडोज सुरू झाली. ओव्याही शाबूत होत्या.

वाचकांना दोन सूचना. नवी डिस्क कोरी असेल तर आधी ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी लागते; तो बिघाड नव्हे. डिस्कवर बिटलॉकर असेल तर अशा बदलांपूर्वी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी.

प्रशासनातही हेच दिसते. थेट लाभ हस्तांतरण १ जानेवारी २०१३ रोजी सुरू झाले. आधार क्रमांकावर आधारित रक्कम पाठवताना निधी असतो, लाभार्थी असतो, बँकेत खातेही असते. परंतु आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडला आहे ही नोंद नसेल, तर पैसे पोहोचत नाहीत. अशा वेळी फाइलवर 'अपात्र' असा शेरा मारणे हे 'मदरबोर्ड गेला' म्हणण्यासारखेच. फरक इतकाच, की लॅपटॉप नवा विकत घेता येतो. एखाद्या विधवेचे थकलेले निवृत्तिवेतन म्हणजे तिच्या चुलीचा प्रश्न असतो. शेऱ्यापूर्वी निदान व्हावे, एवढी अपेक्षा तिने आपल्याकडून जरूर ठेवावी.