घोंगडं, पोत्याची खोळ आणि जर्किन

हिंगोली जिल्ह्यात बारा महिने राहणाऱ्याला एकाच अंगावर तीन मुलखांची हवा सोसावी लागते. मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढं जातो. डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात तो 6 अंशांच्या खाली उतरल्याची बातमी येते, आणि आमच्या कयाधूच्या काठावरच्या शिवारात पहाटे बोटं वळत नाहीत. मधले चार महिने पावसाचे. त्यातही पाऊस एका जातीचा नाही. मृगाचा पाऊस वारा-विजा घेऊन येतो आणि अर्ध्या तासात मोकळा होतो. आषाढ-श्रावणाची झड मात्र दोन-दोन, तीन-तीन दिवस हलत नाही. ती जोरात पडत नाही, पण थांबतही नाही, आणि अंगातलं हीव जात नाही. हस्ताचा पाऊस संध्याकाळी येतो, काढणीला आलेल्या पिकावर येतो.

अशा हवेत घराबाहेर पडताना अंगावर काय घ्यावं, हा प्रश्न माझ्या आज्याला कधी पडला नाही. त्याच्या खांद्यावर घोंगडं असायचं. पावसात तेच डोक्यावर, थंडीत तेच अंगाभोवती, दुपारी झाडाखाली तेच अंथरायला, बाजारातून येताना त्याच्याच एका टोकात भाजीपाला. "आभाळ दिसो न दिसो, घोंगडं घेऊन जाय," एवढंच तो बापाला सांगायचा. आज माझ्या मुलाच्या खोलीत खुंटीवर रेनकोट आहे, विंडचीटर आहे, टोपीचं जर्किन आहे, अर्ध्या बाह्यांचं जाकीट आहे. तरी तो दारातून दोनदा परत येतो आणि मोबाइलवर हवामान बघतो.

घोंगड्याची थोरवी केवळ आठवणीतली नाही, ती त्याच्या घडणीतच होती. आमच्या जिल्ह्यात हटकर धनगरांची वस्ती मोठी. त्यांच्याकडं दख्खनी मेंढ्या. या मेंढीची लोकर राठ, केसाळ आणि बहुतेक काळी. मऊ शालीसाठी ती कामाची नाही, पण घोंगड्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. कातरलेली लोकर पिंजायची, बायका तिचं सूत काढायच्या, आणि खुटेकर किंवा सणगर ते खड्ड्याच्या मागावर विणायचे. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असायची. नवं घोंगडं त्यामुळं पुठ्ठ्यासारखं ताठ असे आणि त्याला लोकरीचा आणि खळीचा मिळून एक उग्र वास असे. तो वास नाकात बसला की पुन्हा विसरत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची लोकर मऊ. तिचं घोंगडं महाग, ते लग्नकार्यात किंवा बाळंतिणीच्या खोलीत दिसायचं. शेतावर जायचं ते राठच.

पावसात हे राठ घोंगडं कसं काम करायचं ते आता समजतं. लोकरीचा धागा वरून पाणी झटकतो आणि आतून वाफ पितो. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही, आणि ओल शोषताना ती थोडी ऊबही सोडते. म्हणजे औतामागं चालणाऱ्या माणसाचा घाम आतल्या आत साचत नसे आणि वरचा पाऊस धाग्या-धाग्यावरून ओघळून काठाशी येई. झडीचा पाऊस घोंगडं अर्धा दिवस तरी अडवायचं. मग मात्र ते भिजायचं, आणि भिजलेलं घोंगडं पाण्यानं भरलेल्या घागरीसारखं खांद्यावर बसायचं. वाळायला दोन दिवस लागायचे आणि झडीत दोन दिवस ऊन कुठून आणायचं? आजी ते चुलीच्या धगीला वलणीवर टाकायची. सगळं घर मेंढरासारखं वासायचं. हे त्रास खरे होते. घोंगड्याचं कौतुक करताना ते झाकून ठेवावेत असं मला वाटत नाही.

घोंगड्याची खोळ करायची एक हातोटी होती. उभी घडी घालायची, एका टोकाच्या निऱ्या गोळा करून सुतळीनं आवळून बांधायच्या, आणि ती गाठ टाळूवर येईल अशी डोक्यावर घ्यायची. पाठ पोटऱ्यांपर्यंत झाकली जायची, पुढून दोन्ही हात मोकळे. पेरणीत तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायची तर हात मोकळेच लागतात. छत्री शेतात चालत नाही ती याच कारणानं.

पण घोंगडं ज्याच्या घरी होतं त्याच्यापुरतं होतं. ज्यांच्याकडं नव्हतं त्यांची खोळ पोत्याची. तागाचं बारदान घ्यायचं, बुडाचा एक कोपरा आत दाबून दुसऱ्या कोपऱ्यात बसवायचा, की टोकदार टोपी तयार. ती डोक्यावर घेतली की पोतं पाठीवर लोंबायचं. निंदणाऱ्या बायांची रांग झडीत वाकलेली असली की बांधावरून नुसती पोत्यांची टोकं दिसायची. बारदान पाऊणेक तासात पाणी पकडायचं. पुढं युरियाच्या गोण्या आल्या. त्यांच्या आत प्लास्टिकचा थर असायचा, म्हणून पाणी आत येईना. बाया त्या गोण्या धुऊन, उलट्या करून जपून ठेवायच्या. गोणी नवी असली तर तिचा खारट वास पावसाच्या पाण्याबरोबर मानेवर उतरायचा आणि कातडी चुरचुरायची. हे मी माझ्या मायकडून ऐकलेलं आहे आणि तिच्या मानेवर पाहिलेलंही आहे.

त्या काळातली एक रीत मात्र मला फार मोलाची वाटते. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरायचं तेव्हा रोख रकमेच्या जोडीला ज्वारी, धोतरजोडी, वहाणांचा जोड आणि घोंगडं हेही बोललं जायचं. मालक कंजूष असला तर घोंगडं जुनं मिळायचं, विरलेलं मिळायचं, त्यावरून कुरबुर व्हायची. तो काळ सालगड्यासाठी सुखाचा होता असं कोणी म्हणू नये. पण ज्याला आपण पावसात आणि थंडीत रानात पाठवतो, त्याच्या अंगावर काय आहे हे बघणं करारातच धरलेलं होतं. आता साल पूर्ण रोखीत ठरतं. रक्कम वाढली, ते चांगलंच झालं. अंगावरच्या कापडाचा विषय मात्र बोलण्यातून निघून गेला.

रेनकोट आमच्याकडं आधी सरकारी माणसाच्या अंगावर आला. पोस्टमन, तलाठी, रेल्वेचा गँगमन. अकोला-पूर्णा ही तेव्हाची लहान रुळांची लाइन हिंगोली आणि वसमतवरून जायची, आणि रुळांवरून काळ्या रबरी कोटातला माणूस चालताना दिसला की आम्ही पोरं त्याच्याकडं बघत राहायचो. त्या कोटाचं डकबॅक हे नाव शाळेत गेल्यावर कळलं. सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 साली कलकत्त्यात सुरू केलेला हा कारखाना, त्याचं रबर चढवलेलं कापड देशभर पोचलं. पाणी थेंबभर आत येत नसे. पण तो कोट घालून कोणी औत हाकलं नाही. चार तास वाकून काम केलं तर माणूस आतून घामानं तेवढाच भिजतो, आणि पाऊस थांबून वारा सुटला की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. आजच्या दोनशे-तीनशे रुपयांच्या रेनकोटाची तीच गत आहे. घोंगडं वाफ बाहेर सोडायचं, हे सोडत नाही.

जगात यावर तोड निघाली ती 1969 साली. अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा असा पापुद्रा केला की त्याची भोकं पाण्याच्या थेंबाला लहान पडतात आणि वाफेला मोठी. गोर-टेक्स नावानं तो पुढं गिर्यारोहकांच्या जाकिटांत आला. सह्याद्रीत भटकणारी पुण्या-मुंबईची पोरं आज त्याच जातीची जाकिटं घालतात. पाऊस बाहेर, घाम बाहेर. धनगराच्या मागावर हेच काम राठ लोकरीनं होत होतं, फक्त जड आणि थोडा वेळ. नवं कापड हलकं आहे, टिकाऊ आहे आणि महाग आहे. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे तो ते घेऊ शकत नाही.

थंडीचीही तीच कहाणी. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. नांदेड जिल्ह्यातली ही यात्रा घोड्यांसाठी, जनावरांसाठी प्रसिद्ध, पण आमच्या घरात तिची वाट बघितली जायची ती घोंगड्यांसाठी. आजा घोंगडं उन्हाकडं धरून बघायचा. विणीतून उजेड किती येतो यावर भाव ठरायचा. मग काठ दोन्ही हातांत धरून झटकायचा, खळ किती उडते ते बघायचा. आता थंडी सुरू झाली की लुधियानाचे स्वेटर आणि चकाकत्या कापडाची जर्किनं रस्त्याच्या कडेला टांगलेली दिसतात. ती स्वस्त आहेत, हलकी आहेत, लेकराबाळांच्या अंगावर ऊब आली आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या लहानपणी वर्गातली निम्मी पोरं हिवाळ्यात सदऱ्यावर उपरणं गुंडाळून यायची. धनगरांकडं मात्र लोकर कातरून पडते, घेणारा भेटत नाही, म्हणून ती फेकून देण्याची पाळी येते. माग बंद पडले. चिंचोक्याची खळ करणारे हात म्हातारे झाले.

त्यातच थंडीतलं काम बदललं. आजा रात्री जागलीला जायचा तो राखणीसाठी. आगटी पेटवून बसायचा, घोंगडं पुरायचं. आता रात्री जावं लागतं ते पाणी द्यायला, कारण शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते. गव्हाला, हरभऱ्याला, हळदीला पाणी. बारा वाजता मोटर सुरू करायची, घोट्याभर गार पाण्यात उभं राहून बारं फोडायचं, दुसऱ्या सरीत वळवायचं. पाय ओले, हात चिखलात, वरून दव. जर्किनाच्या बाह्या मनगटाशी भिजतात आणि ते ओलं कोपरापर्यंत चढतं. डोक्याला मफलर, त्यावर बॅटरी. हे काम करणारा माणूस शोरूमच्या जाकिटाच्या जाहिरातीत कुठंच नसतो. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली जाहीर झाली. ती सगळ्या शिवारांत पोचली तर जर्किनाचा निम्मा प्रश्न सुटेल.

बायांच्या अंगावरचं कापड तर सगळ्यात कमी बदललं. हळदीच्या किंवा सोयाबीनच्या रानात बघा. नऊवारी गेली, सहावारी आली, आणि तिच्यावर नवऱ्याचा किंवा लेकाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. उन्हाला, पात्याला, थंडीला तोच. पावसाला वर मेणकापड, गळ्याशी गाठ मारून. वाकलं की ते पुढं येतं, उभं राहिलं की मागं सरकतं. बाजारातले रेनकोट पुरुषाच्या मापाचे किंवा शाळकरी पोरीच्या मापाचे. साडीवर बसेल, वाकून निंदता येईल आणि मागून उघडं पडणार नाही असा कोट मला आजवर दुकानात दिसलेला नाही. आषाढीसाठी शेगावची पालखी सेनगाव, नर्सी, औंढा करत पंढरीच्या वाटेला लागते, तेव्हा वारकरी बायांच्या डोक्यावरही तेच मेणकापड असतं.

आणि आता ऋतूच एकमेकांत शिरलेत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट झाली, ती ज्यांनी उघड्या रानात सोसली ते विसरणार नाहीत. 2023 च्या नोव्हेंबरअखेरीस हिवाळ्याचे कपडे अंगावर असताना अवकाळी आला. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी शेतं खरवडून नेली. फेब्रुवारी-मार्चात हळद शिजवून अंगणात वाळत घातलेली असते, आभाळ आलं की घरदार ताडपत्री घेऊन धावतं. पिकावर ताडपत्री पडते आणि धावणारी माणसं भिजतात.

म्हणून जाकीट घ्यायला जाल तेव्हा रंग नंतर बघा. आधी ते उलटं करून शिवणी बघा. आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येणारच. काखेत हवेला वाट आहे का बघा, चेनवर झाकण आहे का बघा. टोपीला दोरी आणि पुढं कड हवी, नाहीतर गाडीवर ती उडते. चिठ्ठीवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो, तेवढ्या उंचीचा पाण्याचा दाब कापड पेलतं असा त्याचा अर्थ. 3000 चा आकडा साध्या पावसाला चालतो, दिवसभराच्या झडीला 10,000 बरा. गाडीवर जाणाऱ्यानं गुडघ्यापर्यंतचं घ्यावं, वाकून काम करणाऱ्यानं सैल घ्यावं. जाड एक घेण्यापेक्षा आत लोकरीचं, वर पाणी अडवणारं पातळ, असं दोन थरांत घेतलेलं आपल्या हवेला जास्त मानवतं, कारण दुपारी एक काढता येतं. घरात जुनं घोंगडं असेल तर ते टाकू नका, पहाटेच्या थंडीला आजही त्याच्या तोडीचं काही नाही.

आणि शेतकरी मंडळींना एक विनंती. येत्या पाडव्याला साल ठरवाल, निंदणीच्या बायांची रोजी बोलाल, तेव्हा रकमेच्या शेजारी एक ओळ आणखी लिहा. सालगड्याला रात्रीच्या पाण्यासाठी एक चांगलं जर्किन आणि गमबूट, बायांना पट्टीच्या शिवणीचा, सैल मापाचा एकेक रेनकोट. तो घेताना त्यांनाच दुकानात घेऊन जा, आणि घालून, वाकून बघू द्या.