रुमानियन की रोमानियन?

बुखारेस्टच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयात आम्ही रोममधील ट्राजान-स्तंभाच्या शिल्पांची प्रतिकृती पाहिली. ट्राजान बादशहाने इ. स. १०६ मध्ये डेशिया जिंकला. त्या रोमचे नाव येथील लोक 'रोमिन' या रूपाने अद्याप धारण करितात. इंग्रजीत त्यांस व त्यांच्या भाषेस पूर्वी 'रुमानियन'ही म्हणत. आता 'रोमानियन' रूढ आहे. भेद एका स्वराचा, परंतु क्षुल्लक नव्हे. वलाखिया प्रांती 'रुमिन' हे त्याच शब्दाचे रूप जमिनीस जखडलेल्या कुळास लागले होते. ते दास्य १७४६ साली उठले. १८६६ च्या राज्यघटनेने देशास 'रोमानिया' नाव दिले. म्हणून आपणही 'रोमानियन' असेच म्हणावे, हे आम्हांस उचित वाटते.