वेगळे पान

ज्या शहराच्या एका भागाचे नावच लष्कर, तेथे वेगळे राहणे म्हणजे काय हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली; तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि छावणीचे नाव वस्तीला कायमचे चिकटले. आम्हां ग्वाल्हेरकर मराठी मंडळींची राहणी आजही काहीशी छावणीचीच आहे. बाजारात हिंदी, उंबरठ्याच्या आत मराठी. चैत्रात हळदीकुंकू, भाद्रपदात गणपती. या छावणीत सारस्वतांचा वाटाही मोठा होता. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व करणारे जिवबादादा बक्षी केरकर शेणवीच होते. त्याच चाकरीत मूळचे नेपल्सचे, रोमन पंथाचे फिलोज घराणेही होते. १८७४ चा जयविलास राजवाडा त्यांच्यापैकी सर मायकेल फिलोज यांनी रचला. तेव्हा ख्रिस्ती शेजार येथे नवा नव्हे.

आम्हांला मात्र सांगावयाचे आहे ते राजवाड्यातील नव्हे, आमच्या गल्लीतील एका ख्रिस्ती मास्तरांविषयी. ते नगरकडचे. १९७० च्या सुमारास आमच्या शेजारी बिऱ्हाड करून होते. घरात शुद्ध मराठी, आणि कीर्तनाची आवड इतकी की गणपतीत बुवा उभे राहिले म्हणजे मास्तर ओसरीच्या टोकास येऊन बसत. परंतु प्रसादाचे तबक पुढे आले की हात जोडीत आणि म्हणत, “वहिनी, देवाला दाखविलेले मला चालत नाही. राग मानू नका.”

राग मानला गेलाच. आमच्या आत्याबाईंच्या मते प्रसाद नाकारणे म्हणजे यजमानाचे तोंड नाकारणे. आईने मात्र निराळा मार्ग काढला. नैवेद्यापूर्वी कोणाचा वाटा काढणे आमच्या घरच्या रीतीत बसणारे नव्हते. म्हणून विसर्जन आटोपल्यावर ती पुन्हा चूल पेटवी आणि मास्तरांसाठी मोदकांचा एक वेगळा घाणा काढी. इकडे ओला नारळ दुर्मिळ, तेव्हा सुक्या खोबऱ्याचे तळणीचे मोदक. ते मास्तर मिटक्या मारीत खात. देवाचे पान वेगळे, त्यांचे वेगळे, आणि कोणासही कमीपणा नाही.

पुढे आम्ही कुतूहलाने त्यांचा धर्मग्रंथ चाळला, तेव्हा हा प्रश्न किती जुना आहे ते कळले. करिंथ हे ग्रीकांचे भरभराटीचे शहर. तेथील बाजारात विकावयास येणारे मांस पुष्कळदा देवळात अर्पण झालेले असे. मूठभर नव्या ख्रिस्ती लोकांनी ते खावे की नाही? पौलाने त्यांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात याचा खल केला आहे. बाजारात मिळेल ते चौकशी न करता खावे, परंतु हे देवास वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये, असा त्याचा निर्णय. म्हणजे आम्ही ‘प्रसाद’ हा शब्द उच्चारला नसता, तर कदाचित मास्तरांनी हात पुढे केलाही असता!

याच मास्तरांचा दुसरा नकार आमच्या नातेवाइकांस अधिक झोंबला. मुलास शाळेत घालताना जन्मसाल दोन वर्षे पुढचे लिहावे, म्हणजे नोकरी दोन वर्षे अधिक टिकते, ही त्या काळी घरोघरची युक्ती. मास्तर ज्या शाळेत होते तेथे आमचे एक आप्त मुलास घेऊन गेले. मास्तरांनी खरे साल लिहिले. “पाद्र्यांचा माणूस, मुद्दाम अडवितो,” अशी ओरड झाली. आई एवढेच म्हणाली, “जो देवाच्या प्रसादाला नाही म्हणतो, तो तुमच्या खोट्याला हो कसा म्हणेल?”

हुकमाने लादलेले वेगळेपण याहून फार निराळे. गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ साली हुकूम काढला : ख्रिस्ती झालेल्यांनी पुडवे नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, लग्नात ओव्या म्हणू नयेत, मिठावाचून भात शिजवू नये, दारची तुळस उपटावी. ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात मंगेश आणि शांतादुर्गा साष्टीतून अंत्रुजात नेली, त्या आपल्या मंडळींस हा इतिहास परका नाही. भातातील मिठावरून धर्म ओळखणाऱ्या त्या सत्तेची आम्हांस आजही कीव येते.

पंडिता रमाबाईंनी हे मोजमाप पार उलटे केले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही त्या शाकाहारी राहिल्या, लुगडे सोडले नाही. मात्र केडगावी मुक्तिसदनात बायबलाचे मराठी भाषांतर करताना हिंदू पूजापाठाचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. ताट जुने, शब्द नवे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी याच्या उलट अभंग, भजन आणि कीर्तन जवळ केले. दोघेही आपल्याच लोकांत राहिले, आणि दोघांनीही कोठे थांबावयाचे ते स्वतः ठरविले. या दोहोंत आमचे मन टिळकांकडे अधिक ओढ घेते, हे लपवीत नाही. परंतु रमाबाईंचा करारीपणा दुर्मिळ.

परवा आमच्या नातीने विचारले, “आबा, आपण इथल्या लोकांहून वेगळे म्हणजे काय?” आम्ही पुरणपोळी, मंगळागौर, गणपती असे सांगू लागलो. ती म्हणाली, “हे तर आपण करतो ते झालं. आपण करत नाही असं काय आहे?”

आम्ही तिला मास्तरांची आणि त्या जन्मसालाची हकीकत सांगितली. तिने लक्षपूर्वक ऐकली, आणि मग म्हणाली, “पण आबा, ते तर आपल्यातले नव्हते ना?”