सफरचंदाच्या झाडाखाली

चहाचे बोलावणे हे बहुधा चहासाठी नसते, ही गोष्ट आपणां महाराष्ट्रीयांना नव्याने सांगावयास नको. 'एकदा चहाला या' असे कोणी म्हटले की 'ह्याचे आपल्याकडे काम काय असावे?' हा प्रश्न आपल्या मनात उभा राहतोच. उपवर मुलगी पाहावयाची ती चहापोह्यांच्या निमित्ताने, आणि उसने पैसे मागावयाचे तेही पहिला घोट घशाखाली उतरल्यावर! हे सारे ठाऊक असूनही, तीन वर्षांपूर्वी केंब्रिजमुक्कामी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या दुपारी ग्रँटचेस्टरला चहाला जाऊ या," तेव्हा मला तिळमात्र संशय आला नाही.

संशय यावयास मन ठिकाणावर तर हवे! रूपर्ट ब्रूकची त्या गावावरील कविता मी कितीतरी वर्षे वर्गात शिकवीत आलो होतो. 1909 साली हा तरुण कवी तेथे बिऱ्हाडास येऊन राहिला; पुढे 1912 मध्ये बर्लिनमधील एका उपाहारगृहात बसून, गावाच्या आठवणीने व्याकूळ होऊन त्याने ती कविता लिहिली. तिच्या अखेरीस गावच्या देवळातील घड्याळाची आणि चहाबरोबरच्या मधाची चौकशी आहे. ती चौकशी विद्यार्थ्यांना समजावून सांगताना मी नेहमी गहिवरत असे. विद्यार्थी मात्र आपल्या वर्गातील घड्याळाकडे पाहत असत.

केंब्रिजहून ग्रँटचेस्टर सुमारे दोन मैल. वाट नदीकाठच्या कुरणांतून जाते. गाई निवांत चरत असतात, आणि वाटसरूला वाट देण्याची त्यांना आपल्याकडील गाईंइतकीच थोडी घाई असते. चहाची बाग म्हणजे 1868 साली लावलेली फळझाडांची एक राई. 1897 मध्ये काही विद्यार्थ्यांनी तेथील घरमालकिणीस विनंती केली की, आम्हांस चहा अंगणात न देता मोहरलेल्या झाडांखाली द्याल का? तिने होकार दिला, आणि एक परंपरा सुरू झाली. त्याच सुमारास आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजमध्ये गणित करीत होते. 1899 साली ते सीनियर रँग्लर झाले. मी मनातल्या मनात त्यांच्यासाठीही एक खुर्ची झाडाखाली ओढून ठेवली.

खुर्च्या कापडी, आरामशीर. एकदा बसले की उठण्यास दुसऱ्याचा हात लागावा अशा. वाढपी कोणी नव्हता. आत जाऊन आपले तबक आपणच आणावयाचे होते. "तुम्ही बसा," असे म्हणून मुलगी गेली आणि तबक घेऊन आली. किटली, दुधाचे भांडे, दोन स्कोन, मुरंबा आणि घट्ट साय. स्कोन म्हणजे एक प्रकारचे बिस्कीट, असे मी वर्षानुवर्षे वर्गात छातीठोकपणे सांगत आलो होतो. पाहतो तो काय, हा पदार्थ पाव आणि नानकटाई ह्यांच्या दरम्यान कोठेतरी वसलेला! माझ्या हाताखालून गेलेल्या सर्व विद्यार्थ्यांची मी तेथेच मनोमन क्षमा मागितली. साय मात्र ओळखीची निघाली. दूध मंद आचेवर तापवून, निवू देऊन धरलेली. माझी आई विरजणासाठी राखीत असे तिचीच ही थोरली बहीण.

"आधी मुरंबा की आधी साय?" मी विचारले. ह्या प्रश्नावर इंग्लंडात दोन परगण्यांचे वैर आहे: कॉर्नवॉलमध्ये आधी मुरंबा, डेव्हनमध्ये आधी साय. मुलीने उत्तर दिले नाही. ती चहा ओतीत होती, आणि किटलीचे तोंड कपाच्या कडेवर किंचित वाजत होते.

"बाबा, मी इथली नोकरी कायमची घेतली आहे. आता परत येणं होईल असं वाटत नाही."

मी कपाकडे पाहत राहिलो. दोन वर्षांपूर्वी घरावर मजला चढविला होता. वरची पूर्वेकडील खोली तिची म्हणून आखली होती. तिच्या आईने पडद्यांचा रंगही ठरवून ठेवला होता. हे सारे बोलून दाखवावे म्हणून मी तोंड उघडले. पण समोरचे दृश्य एकाएकी इतके ओळखीचे वाटले की शब्द जागीच थांबले. मुलीने तबक आणले आहे, चहा पुढे केला आहे, आणि खाली मान घालून ती समोरच्याच्या चेहऱ्याचा अंदाज घेत आहे! तिच्या लग्नाच्या वेळी असला कार्यक्रम आपण घरात होऊ द्यावयाचा नाही, अशी माझी जुनी प्रतिज्ञा. आणि आज तिची परीक्षा घ्यावयास जन्मदाता बापच बसला होता.

ब्रूकची आठवण झाली ती तेव्हाच. मायभूमीपासून दूर बसून त्याने गावाची कविता लिहिली. 1915 साली युद्धावर जात असता वाटेतच त्याचा अंत झाला. आज गावातील युद्धस्मारकावर त्याचे नाव आहे, देह दूर ग्रीसमधील एका बेटावर. त्याची तळमळ मी इतकी वर्षे शिकविली. पण त्या गावात त्याची वाट पाहणाऱ्या माणसांचा विचार एका तासालाही केला नव्हता.

"आईला सांगितलंस?" मी विचारले.

"नाही. आधी तुम्हांला."

म्हणजे पुढचा चहा मला पाजावयाचा होता, आणि तोही पुण्यास जाऊन! मी कप उचलला. चहा निवला होता, तरी सगळा प्यालो. मग म्हणालो, "पसंत आहे."

ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. ते उत्तर त्या दुपारी पुरतेपणी खरे नव्हते, हे तिला कळले असावे. कारण परतीच्या वाटेवर तिने माझा हात सोडला नाही. कुरणातील गाई वाटेतच उभ्या होत्या. आम्ही दोघे त्या बाजूस होईपर्यंत थांबलो. आम्हांलाही घाई नव्हती.