लोणी गप्प झाल्यावर

बिडाचा जाड तवा शेगडीवर तापत असतो. त्यात लोण्याचा गोळा पडतो, घसरतो, कडेनं वितळतो आणि चुरचुरायला लागतो. फेस येतो, बुडबुडे फुटतात, आवाज वाढत जातो. स्वीडनमधल्या घरात मीटबॉल करायला उभं राहिलेलं माणूस या वेळी काहीच करत नाही, नुसतं ऐकतं. मग आवाज उतरतो, फेस खाली बसतो, तव्यात शांतता पसरते. पहिला गोळा तव्यात पडतो तो आत्ता. तिथल्या स्वयंपाकाच्या बोलीत त्याला फार सुंदर शब्द आहेत : लोणी गप्प झालं की गोळे घालायचे.

त्या गप्प होण्यामागचं कारण साधं आहे. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश, उरलेल्यात बहुतेक पाणीच. चुरचुर होते ती त्या पाण्याची. पाणी उडून जाईपर्यंत लोणी १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं आणि तेवढ्या उष्णतेत मांस खरपूस होत नाही. वाफेवर शिजल्यासारखं करडं पडतं. पाणी संपलं की तापमान झपाट्यानं चढतं आणि १४० अंशांच्या पुढे मांसाला तो तपकिरी रंग आणि तो वास येऊ लागतो. आणखी रेंगाळलं तर लोण्यातले दुधाचे कण करपतात, सगळं कडू होतं. घड्याळ इथं कामाचं नाही. कान लागतो.

स्वीडिश भाषेत या पदार्थाला म्हणतात शॉटबुलार. लिहिताना पहिलं अक्षर ‘क’चं असतं, पण जीभ ‘श’कडे वळते. शॉट म्हणजे मांस. बुलार हे बुले या शब्दाचं अनेकवचन, आणि बुले म्हणजे गोल बनपावसुद्धा. दालचिनी घातलेल्या तिथल्या प्रसिद्ध गोड पावाच्या नावात, कनेलबुलेत, हाच शब्द आहे. नावातच पाव डोकावतो. हा योगायोग असेलही, पण घरी हे गोळे करणाऱ्याला तो फार खरा वाटतो, कारण या पदार्थाचा जीव मांसापेक्षा पावात आहे.

या ओळी लिहिणाऱ्या हातांनी पहिल्या खेपेला पाव वगळला होता. मांस ताजं होतं, उत्तम होतं. त्यात ब्रेडच्या चुऱ्याची भर कशाला, असा हिशेब. गोळे दिसायला देखणे झाले आणि दाताखाली रबरासारखे लागले. पुढच्या वेळी पाव घातला, पण कणीक तिंबावी तसा खिमा तिंबला. पुन्हा तेच. दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. तापलं की मांसातली प्रथिनं आकसतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि आतला रस बाहेर पिळून टाकतात. दुधात भिजलेला पाव त्यांच्या मधेमधे जाऊन बसतो. त्यातला स्टार्च दूध धरून ठेवतो आणि प्रथिनांना एकमेकांपर्यंत पोचू देत नाही. म्हणून गोळा आतून मऊ राहतो. आणि खिमा जितका जास्त मळावा तितकी ही प्रथिनं एकमेकांत गुंततात. पावानं केलेलं काम हातानं उलटवलं जातं.

तर सुरुवात भिजवण्यापासून. अर्धा किलो खिम्याला साधारण एक डेसिलिटर ब्रेडचा बारीक कोरडा चुरा आणि दीड डेसिलिटर दूध, किंवा थोडं दूध आणि थोडं क्रीम. स्वीडनच्या स्वयंपाकघरात सगळं डेसिलिटरनं मोजतात. मापांच्या जुडग्यात सगळ्यात चिमुकलं माप एक मिलिलिटरचं असतं आणि त्याचं नावच मुळी ‘मसाल्याचं माप’ आहे. चुरा दहा मिनिटं तरी फुगू द्यायचा. या दहा मिनिटांत कांदा बारीक चिरून लोण्यात मऊ होईपर्यंत परतून गार करायचा. कच्चा किसलेला कांदा घालणारेही पुष्कळ आहेत, पण तो गोळ्यात नीट शिजत नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याचा उग्र दर्प जाणवतो. परतलेलाच बरा.

मग खिमा. तिथल्या दुकानात ‘ब्लांदफार्स’ नावानं तयार मिळतो : गाय आणि डुक्कर, बहुधा निम्मं-निम्मं. गाईचं मांस चव देतं, डुकराचं मांस चरबी आणि मऊपणा. उत्तरेकडे आणि जंगलांच्या मुलुखात एल्क या मोठ्या हरणाच्या मांसाचे गोळेही करतात, पण ते मांस इतकं सुकं असतं की त्यात डुकराची चरबी घालावीच लागते. खिमा थंड हवा, अगदी बोटं गारठतील इतका. आधी मीठ घालून थोडा चिकटसर होईपर्यंत कालवायचा, मग अंडं, भिजवलेला चुरा, कांदा, पांढरी मिरी आणि ऑलस्पाइस. एकजीव झालं की हात काढून घ्यायचा.

ऑलस्पाइस हा कॅरिबियन बेटांवरचा मसाला. वाळलेलं फळ मोठ्या मिरीसारखं दिसतं. वास लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र कुटल्यासारखा. कोकणातल्या मसाल्याच्या बागांत हे झाड आता पाहायला मिळतं. त्याचं पान चुरगळून हुंगलं की स्वीडिश स्वयंपाकघराचा निम्मा वास नाकात येतो. मराठी हाताला इथं एक मोह आवरावा लागतो. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली की गोळा चविष्ट होतो, यात शंका नाही. पण तो कोफ्ता होतो. अर्ध्या किलोला पाव चमचा ऑलस्पाइस, तेवढीच पांढरी मिरी, बस्स. या पदार्थाला दुधाची आणि लोण्याची चव राखायची असते, आणि ती चव हळू आवाजात बोलते.

कोफ्त्याचा विषय निघाला की बारावा कार्ल येतोच. हा स्वीडनचा लढवय्या राजा. १७०९ साली पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून हरला आणि तुर्की सुलतानाच्या आश्रयाला गेला. आजच्या मोल्दोव्हातल्या बेंडर गावाजवळ त्यानं कित्येक वर्षं तळ ठोकला आणि १७१४ साली मायदेशाच्या वाटेला लागला. मीटबॉलची कृती त्यानंच तुर्कस्तानातून आणली, असं २०१८ साली स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानं जाहीर करून टाकलं. तुर्कस्तानात आनंद झाला, स्वीडनमध्ये खळबळ उडाली. अन्नाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र पुरावा मागितला, आणि तो फारसा नाही. राजाच्या तळावरून दोन गोष्टी आल्याचं पुष्कळ खात्रीनं सांगता येतं. एक, गर्दीसाठीचा तुर्की शब्द ‘कालाबालिक’, जो १७१३ साली बेंडरला झालेल्या झटापटीनंतर स्वीडिश भाषेत गोंधळ-गदारोळ या अर्थानं मुरला. दुसरी, द्राक्षाच्या पानाऐवजी कोबीच्या पानात खिमा गुंडाळून केलेले डोल्मे. ते तिथं आजही आवडीनं खातात.

राजाची गोष्ट सांगायला सोपी असते. काइसा वार्ग या बाईंची गोष्ट तितकी रंगवून सांगितली जात नाही. त्या स्टॉकहोममधल्या मोठ्या घरांत स्वयंपाक आणि घरव्यवस्था सांभाळत. १७५५ साली त्यांचं तरुण स्त्रियांसाठी घरकामाचं पुस्तक छापून आलं. मांसाच्या गोळ्यांची स्वीडनमधली सर्वात जुनी छापील कृती म्हणून त्यातल्याच कृतीकडे बोट दाखवतात. ‘हाताशी असेल ते घ्यावं’ हे वाक्य त्यांच्या नावावर स्वीडनभर फिरतं. ते त्यांच्या पुस्तकात नाही. तरी लोकांनी ते त्यांच्या तोंडी घातलं, यावरून लोकांना स्वयंपाकघराकडून काय हवं होतं ते कळतं.

त्या काळी खिमा म्हणजे सुरीनं तासभर कापणं नाहीतर खलात कुटणं. ते काम नोकरचाकर असलेल्या घरांचं. ताजं मांस सामान्य घरात शरदातल्या कत्तलीच्या दिवसांत आणि नाताळात दिसायचं, एरवी खारवलेलंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खिमा करायचं हातयंत्र आणि बिडाची चूल घराघरांत पोचली, तेव्हा हा पदार्थ सर्वांचा झाला. कठीण, स्वस्त मांसही यंत्रातून मऊ होऊन निघायचं आणि त्यात शिळ्या पावाचा चुरा मिसळला की थोडक्यात सगळ्या पोरांची पोटं भरायची. पाव तिथं काटकसरीनं शिरला आणि चवीनं टिकला. आज मांस परवडतं म्हणून पाव कमी करणारे लोक गोळ्याचं मोल वाढवतात आणि गोळा बिघडवतात.

वळण्याचं काम बसून, निवांत करण्यासारखं. मराठीत लाडू वळतात. या गोळ्यांनाही तेच क्रियापद शोभतं, फक्त इथं दाब नको. लाडू मुठीत आवळावा लागतो, हा गोळा तळहातावर नुसता फिरवावा लागतो. शेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं, हात ओले करायचे आणि वळलेले गोळे पाणी मारलेल्या लाकडी पाटावर ओळीनं मांडायचे, म्हणजे चिकटत नाहीत. एकसारखे हवेत, कारण तव्यात लहान-मोठे एकत्र पडले तर लहान सुकतात आणि मोठे आत कच्चे राहतात. रोजच्या जेवणाला अक्रोडाएवढे. नाताळच्या मेजवानीला त्याहून लहान, एका घासाचे. जितके लहान तितके कष्ट जास्त, आणि पाहुण्यांना ते कळतं. सगळे वळण्याआधी एक गोळा तळून चाखायचा. मीठ कमी असलं तर ते आत्ताच सुधारता येतं.

आता पुन्हा तो गप्प झालेला तवा. गोळे दाटीवाटीनं घालायचे नाहीत. गर्दी झाली की पाणी सुटतं आणि तवा परत बोलू लागतो. उलथन्यानं एकेक उलटण्यापेक्षा तव्याचा दांडा धरून गोल हलवत राहायचं. गोळे आपणहून लोळतात, चहूकडून रंग घेतात, गोल राहतात. हे मनगटाचं काम आहे आणि ते चार-पाच खेपांनंतरच जमतं.

गोळे निघाले की तळाशी चिकटलेली खरवड टाकायची नाही. सॉसचा अर्क तीच. त्यावर चमचाभर मैदा परतायचा, थोडं मांसाचं पाणी घालून खरवड सोडवायची, मग क्रीम, आणि शेवटी थोडासा सोया सॉस. सोया सॉस स्वीडनमध्ये कुठून, असं वाटेल. पण तपकिरी सॉसला रंग आणि खारी खोली देण्यासाठी तिथल्या घरांत तो सर्रास वापरतात.

सोबत बटाटा, उकडलेला किंवा दुधालोण्यात कुस्करलेला. आणि लिंगन. ही लाल, आंबट, किंचित कडसर रानफळं. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातही कोणालाही हिंडायची आणि फळं वेचायची मुभा तिथं आहे. घराच्या अंगणापासून आणि उभ्या पिकापासून दूर राहायचं, एवढीच मर्यादा. शरदाच्या तोंडाशी कुटुंबंच्या कुटुंबं बादल्या घेऊन निघतात, जशी आपल्याकडे उन्हाळ्यात पोरं करवंदांच्या जाळ्यांत शिरतात. लिंगन शिजवावी लागत नाहीत. साखर घालून विरघळेपर्यंत ढवळली की झालं. त्यांच्यात निसर्गतःच बेन्झोइक आम्ल असल्यामुळे ती टिकतात. क्रीमचा सॉस जिभेवर जड होऊ लागतो नेमक्या त्याच वेळी हे आंबट फळ फुटतं. लिंगनशिवायचं ताट अपुरं, यावर तडजोड नाही. काकडीचंही तसंच : पातळ चकत्या मीठ लावून वजनाखाली दाबायच्या, सुटलेलं पाणी काढायचं आणि व्हिनेगर, साखर, पार्सली घालून मुरू द्यायच्या.

जगाला हा पदार्थ माहीत झाला तो फर्निचरच्या दुकानामुळे. इकेआनं १९८५ साली आपल्या उपाहारगृहांत मीटबॉल आणले. सेव्हेरिन शोस्टेट या शेफनं ते बसवले. डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला इकेआ उघडलं आणि मराठी कुटुंबांच्या ताटात मीटबॉल आले, पण गाय-डुकराऐवजी कोंबडीचे आणि भाज्यांचे. त्याच वर्षी टाळेबंदीत कंपनीनं घरी करायची कृती जाहीर केली : ५०० ग्रॅम गाईचा खिमा, २५० ग्रॅम डुकराचा, १०० ग्रॅम ब्रेडचा चुरा, एक अंडं, पाच चमचे दूध, कांदा आणि लसूण. पावाच्या मानानं दूध फार कमी आहे; घरी करणाऱ्यानं ते वाढवावं. महाराष्ट्रात घरी कोंबडीचे करायचे तर छातीचं मांस घेऊ नये, मांडीचं घ्यावं. चरबी कमी पडते ती लोण्यानं आणि क्रीमनं भरून काढावी लागते.

स्वीडनमध्ये तयार, गोठवलेले मीटबॉलही भरपूर विकले जातात आणि त्यांतला एक नामांकित प्रकार ‘मम्मा स्कान’ या नावानं येतो. कारखान्यालाही आईचं नाव लावावं लागतं. कारण तिथं ‘आईच्या हातचे’ हे विशेषण मीटबॉलला जितकं चिकटलं आहे तितकं दुसऱ्या कशाला नाही, आणि कोणत्याही दोन आयांचे गोळे सारखे नसतात. एकीच्यात कांदा कच्चा, दुसरीच्यात परतलेला. एकीचा सॉस दाट, तर तिसरी सॉसच करत नाही, तव्यातलं लोणी वरून ओतते. नाताळच्या लांब टेबलावर हेरिंग मासे, हॅम आणि छोट्या सॉसेजच्या शेजारी ते सॉसशिवाय, कोरडेच मांडतात. मुलं बाकी सगळं सोडून तिथंच हात घालतात.

दरवेळी थोडे जास्तच करावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गोळे निम्मे चिरायचे. पावाच्या जाड तुकड्याला लोणी लावायचं, त्यावर बीट आणि मेयोनेजची गुलाबी कोशिंबीर पसरायची आणि चिरलेली बाजू खाली करून गोळे ओळीनं मांडायचे. ब्रेडचा चुरा आत, ब्रेडचा तुकडा खाली. वर दुसरा पाव ठेवायचा नाही. हे सँडविच उघडंच खातात, दोन्ही हातांनी धरून.