रक्त, स्वभाव आणि काकाची बिडी

मागच्या शनिवारी शिरोळला गेलो होतो. सोप्यात चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, "अगदी धाकट्या काकावर गेलायस बघ. तसाच गप्प!" मी हसलो. आई मात्र लगेच विषय बदलून ऊसाच्या बिलावर आली.

आमच्या घरात हे वाक्य साधं नाही. धाकट्या काकाला स्किझोफ्रेनिया आहे. १९९१ साली, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो होस्टेल सोडून घरी आला, कारण त्याला भिंतीपलीकडून माणसं बोलताना ऐकू यायची. मग काही वर्षं देवऋषी, उतारे, नृसिंहवाडीच्या फेऱ्या असं सगळं यथासांग झालं. शेवटी कुणीतरी मिरजेच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं आणि तिथून गाडी रुळावर आली. आता तो क्लोझापिन नावाची गोळी घेतो, महिन्याला रक्त तपासून घेतो, मागच्या खोलीत रेडिओ ऐकतो आणि दिवसाला एक बंडल बिड्या ओढतो. आज्जीचं निदान मात्र गेली तीस-पस्तीस वर्षं बदललेलं नाही, "त्येच्या रगातच हाय त्ये. माझ्या थोरल्या भावाचं असंच हुतं."

आता मी पडलो इंजिनियर, त्यातून गप्प, त्यातून 'काकावर गेलेला'. त्यामुळे विशीत असताना मी गुपचूप हिशोब केला होता. हा आजार लोकसंख्येत साधारण शंभरात एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर धोका आठ-दहा टक्क्यांच्या घरात जातो, पुतण्या-भाच्यांना दोन ते चार टक्के. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच, म्हणजे जीन्स तंतोतंत तेच असूनही! थोडक्यात, आज्जी पूर्ण चूक नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. मी तो हिशोब मिटवला आणि झोपलो. असो.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे २०२१ चा जून. त्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये पुण्यातली रूम बंद करून, लॅपटॉप पाठीला मारून मी गावी आलो. तेव्हा पलीकडच्या सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला एकाच कुटुंबात एकापाठोपाठ एक पेशंट निघत होते, त्यामुळे आमच्याकडेही सगळ्यांची तंतरली होती. त्या दिवसांत घरात एक थिअरी ठरून गेली. बाबांना धोका सगळ्यात जास्त, कारण बाबा म्हणजे गावभर गोतावळा. सोसायटी, कारखाना, लग्न, मयत, बाबा नाहीत अशी जागा नाही. आणि सगळ्यात सुरक्षित कोण? तर काका! तो कुणाला भेटतच नाही. आई तर एकदा म्हणाली, "त्याचं बरं आहे, तो तीस वर्षं क्वारंटाइनमध्येच आहे." आम्ही सगळे हसलो होतो.

थिअरी वाटते तेवढी येडचाप नाही. माणसं जास्त भेटली की विषाणूला वाटा जास्त मिळतात, हे उघड आहे. पण त्यात एक गंमत आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये शेल्डन कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कित्येक वर्षं एक अफलातून उद्योग केला. धडधाकट लोकांना पैसे देऊन आणायचं, त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडायचे, हॉटेलात कोंडून ठेवायचं आणि सर्दी कुणाला होते ते बघायचं. शेंबडाचे टिश्यू गोळा करून त्यांचं वजनसुद्धा करायचे! (आपली नोकरी बरी, असं वाटायला लावणारी नोकरी.) २००३ साली त्याने ३३४ जणांवर केलेला अभ्यास छापला. डोस सगळ्यांना सारखाच, तरीही मनमोकळ्या, माणसांत रमणाऱ्या लोकांना सर्दी कमी झाली. त्याआधी १९९१ साली इंग्लंडमध्ये ३९४ जणांवर केलेल्या प्रयोगात दिसलं होतं, की मनावर ताण जितका जास्त तितकी सर्दी लागायची शक्यता जास्त. म्हणजे गप्प माणूस विषाणूच्या तावडीत कमी वेळा सापडेलही, पण एकदा सापडला की एकटेपणा त्याच्या बाजूने लढत नाही. आमच्या थिअरीत हा दुसरा भाग नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली. मी कोविनवर बसून आई-बाबांचे स्लॉट काढले. आज्जीचा पहिला डोस मार्चमध्येच झाला होता. काका तेव्हा पन्नाशीचा, म्हणजे नियमात बसत होता. आधार कार्डही होतं. मी त्याचं नाव टाकलं नाही. त्याला सुईची भीती, रांगेत उभा राहिला तर गडबड करेल, आणि मुळात तो जातो कुठे? पुढच्या महिन्यात बघू. कुणी मला अडवलं नाही, कुणी आठवणही केली नाही. पण लॅपटॉप माझ्या हातात होता.

राज्यात इतरत्र आकडे उतरायला लागले तरी कोल्हापूर जिल्ह्यात जूनमध्ये ते चढेच होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबा पॉझिटिव्ह आले. मी लगेच प्रोजेक्ट मॅनेजरच्या भूमिकेत! एक्सेल शीट बनवली. बाबा, आई, आज्जी, मी असे चार कॉलम, दिवसातून तीनदा ताप आणि ऑक्सिमीटरचं रीडिंग, ९४ च्या खाली गेलं की सेल लाल. सुंदर शीट होती, अजून आहे माझ्याकडे. बाबांचा एकही सेल लाल झाला नाही.

काकाला दोन दिवसांनी ताप आला. अँटिजन टेस्ट पॉझिटिव्ह. त्याला मागच्या खोलीत ठेवलं, ताट दाराशी ठेवायचं ठरलं, आणि फुफ्फुसाचा आजार म्हणून मी त्याची बिडी बंद केली. तो भांडेल असं वाटलं होतं, पण तो झोपूनच राहिला. दुसऱ्या दिवशीही झोपून. तिसऱ्या दिवशी ताट तसंच. मी आईला म्हणालो, "बरंय, विश्रांती घेतोय." शीटमध्ये त्याचा कॉलम टाकायचा राहिला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे राहिला नव्हता, सुचलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला, तोसुद्धा गोळ्या संपत आल्या म्हणून. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बिडी ओढतोय का?"

"छे हो डॉक्टर, तीन दिवस बंद केलीय," मी अभिमानाने सांगितलं.

पलीकडे एक क्षण शांतता. मग, "झोपून असतो का? ऑक्सिजन किती आहे?"

मी ऑक्सिमीटर घेऊन मागच्या खोलीत पळालो. ८४.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. बिडीच्या धुरातल्या रसायनांमुळे (निकोटिनमुळे नव्हे) लिव्हरमधलं एक एन्झाइम जादा काम करायला लागतं आणि क्लोझापिन भराभर जिरवतं. त्यामुळे बिडी ओढणाऱ्या पेशंटचा डोस त्या हिशोबाने बसवलेला असतो. बिडी अचानक बंद केली की एन्झाइम मंदावतं, आणि तीच गोळी, तोच डोस, पण रक्तातली पातळी चढत जाते. ताप आणि इन्फेक्शनमुळेही तेच एन्झाइम मंदावतं. म्हणजे दोन्हीकडून मार. माणूस सुस्त होतो, नीट खोकत नाही, लाळ श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यातून कोविडमध्ये ऑक्सिजन खाली जाऊनही काही लोकांना दम लागत नाही. आणि घरच्यांना वाटतं, तो असाच तर असतो! प्रोडक्शनमधली एक सेटिंग कुणाला न विचारता बदलली आणि सर्व्हर 'शांत' झाला म्हणून खूश झालो, असला प्रकार.

हॉस्पिटलचं फार लिहीत नाही. पहिल्या ठिकाणी गोळ्यांची चिठ्ठी बघून सांगितलं, "असल्या पेशंटजवळ चोवीस तास घरचं माणूस लागेल." बरं, थांबतो. "कोविड वॉर्डात नातेवाइकांना परवानगी नाही." कॉलेजात डेडलॉक शिकवताना एवढं स्वच्छ उदाहरण कुणी दिलं नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो सोडवला. त्यांनी विचारलं, "घरात अजून कोण पॉझिटिव्ह आहे?" बाबा! मग बाबाच त्याच्या शेजारच्या कॉटवर. तेरा दिवस. बाबांनी तेवढ्यात अख्ख्या वॉर्डाची गावं-पाहुणे काढली आणि काकाला भरवलंही. काका घरी आला आणि जुलैच्या तेविसाच्या सुमाराला पुन्हा पूर. २०१९ सारखाच घर सोडायचा प्रसंग. पण ती वेगळी कथा आहे.

नंतरचे कित्येक महिने मी रात्री जागून पेपर्स वाचले. कारण मला आज्जीचं 'रगात' खरं ठरायला हवं होतं. जीन्समध्येच असेल तर लॅपटॉपवाला सुटतो ना!

सापडलंही बरंच. २०२० मध्ये झेबर्ग आणि पाबो (त्यातल्या पाबोंना २०२२ चं नोबेल मिळालं) यांनी दाखवलं, की तिसऱ्या क्रोमोसोमवरचा एक तुकडा आपल्याला निअँडरथल माणसाकडून आलाय आणि तो असेल तर कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो. युरोपात तो १६ टक्के लोकांत, दक्षिण आशियात जवळपास निम्म्या! झालं, म्हटलं सापडला गुन्हेगार. पण २०२१ मध्ये भारतीय संशोधकांनी, त्यात हैदराबादच्या सीसीएमबीचे थंगराजही होते, दक्षिण आशियाई लोकांत तपासलं तर तो संबंध दिसलाच नाही.

त्याहून भारी प्रकरण सहाव्या क्रोमोसोमवर आहे. तिथे प्रतिकारशक्तीच्या जीन्सची दाट वस्ती आहे, आणि स्किझोफ्रेनियाचा एक ठळक सिग्नल नेमका तिथूनच येतो. २०१६ मध्ये हार्वर्डच्या गटाने तो सी-४ नावाच्या जीनपर्यंत नेला. या जीनचं प्रोटीन जंतूंवर 'हा काढून टाका' अशी खूण करतं. मेंदूत तेच प्रोटीन पेशींमधल्या नको असलेल्या जोडण्या छाटायच्या कामात असतं. एकच फंक्शन, दोन मॉड्यूल्समधून कॉल होतंय. एका जागी जरा जास्त चाललं तर दुसरीकडे काय होईल? मला दोन रात्री झोप लागली नाही.

पण काकाचं ८४ यातून येत नव्हतं. मग आकडे बघितले. अमेरिकेतल्या ६२,३५४ कोविड पेशंट्सच्या नोंदींवरच्या अभ्यासात, आदल्या वर्षात मानसिक आजाराचं निदान झालेल्यांत कोविड होण्याचं प्रमाण ६५ टक्के जास्त होतं. न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटल समूहातल्या ७,३४८ रुग्णांत, स्किझोफ्रेनिया असलेल्यांचा मृत्यूचा धोका अडीच पटीहून जास्त, वयाखालोखाल सगळ्यात मोठा. आणि डायबेटिस, बीपी, सिगारेट हे सगळं हिशोबात धरूनही! त्या उरलेल्या आकड्यात जीन्स किती आणि दाराशी ठेवलेलं ताट किती, हे कुठलाच पेपर वेगळं करून सांगत नाही. आमच्या घरापुरतं मला ते वेगळं करता येतं.

आज्जीला मी हे सगळं एकदा सांगायचा प्रयत्न केला. सी-४ पासून बिडीपर्यंत. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग सुई का न्हाई दिली त्याला?"

काकाची लस २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये झाली. मी हात धरून उभा होतो. सुईला तो अजिबात घाबरला नाही. मीच दुसरीकडे बघत होतो.

तर परवाच्या शनिवारी काकू गेल्यावर काका मागच्या खोलीतून बाहेर आला. हातात ऑक्सिमीटर. पुण्याहून कुणी आलं की त्याचा हा कार्यक्रम असतो. माझं बोट धरलं, चिमटा लावला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबला.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला, आणि खिशातली वही काढून माझ्या नावाखाली लिहून घेतलं. मग बिडी ओढायला मागच्या दारी गेला.